चांगुणाबाईच्या चार पांढऱ्या साड्या

सेलूत कापडाची दुकानं कमी नाहीत, आणि आमचं त्यातलं मोठंही नाही. मोंढ्याकडून, म्हणजे धान्यबाजाराकडून, स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन दारांचं दुकान, आत पांढरी गादी आणि भिंतीवर आमच्या वडिलांचा, ईश्वरअप्पांचा, कपाळावर विभूतीचे पट्टे असलेला फोटो. वडिलांनी एकच शिस्त लावून दिली होती: कापडाबद्दल खोटं बोलायचं नाही. सुतात पॉलिस्टर असेल तर गिऱ्हाइकानं विचारायच्या आधी सांगायचं. रंग जाणार असेल तर तेही सांगायचं. सकाळी लिंगपूजा करून दुकान उघडायचं आणि दिवसभर खोटं बोलत बसायचं, तर मग पूजा केलीच कशाला, असं ते म्हणायचे. मी ही शिस्त पाळली, आणि खरं सांगायचं तर मला तिचा माज होता. तो माज मला भोवला असता तर मी हे सांगत बसलो नसतो. तो भोवला चांगुणाबाईला.

चांगुणाबाई आमच्या दुकानात पहिल्यांदा आल्या तेव्हा मी अकरावीत होतो आणि सुट्टीचा गादीवर बसायचो. स्टेशनापलीकडच्या भीमनगरात त्यांचं घर. नवरा सूर्यभान मोंढ्यात हमाल, आणि त्या स्वतः जिनिंगमध्ये कामाला. कापसाच्या ढिगापुढे बसायचं आणि पिवळा पडलेला, डागी कापूस, म्हणजे कवडी, निवडून बाजूला टाकायची. बोलणं कमी, हात सारखा चालू. अंगावर कायम पांढरी साडी. दर वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्या यायच्या आणि चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी निळ्या काठाची एक पांढरी सुती साडी घेऊन जायच्या. वर्षाला एक, त्याहून जास्त नाही. जयंतीला जिची घडी मोडायची ती साडी वर्षभर लग्नाकार्याला चालायची, मग कामावर, मग घरात. अशा एका वेळी चार साड्या. पाचवी आली की सगळ्यात जुनी फाडून गोधडीत जायची. गोधडीही विरली की तिच्या चिंध्यांचं फडकं व्हायचं, आणि फडक्याचाही जीव गेला की ते चुलीत. त्याची राख भांडी घासायला. बाईंच्या घरातून कापसाचा धागासुद्धा बाहेर पडत नसे.

त्यांनी भाव कधी केला नाही. आमच्याकडे मोठे मोठे बागायतदार येतात आणि टॉवेलासाठी पाऊण तास घासाघीस करतात. ह्या बाई साडी हातात घ्यायच्या, अंगठा आणि बोटामध्ये काठापासून पदरापर्यंत सरकवायच्या, कुठं सूत कच्चं असेल तर तिथं थांबायच्या, आणि दुसरी मागायच्या. पसंत पडली की सांगितली ती किंमत द्यायच्या. पुढे गावात एक मोठं काचेचं दुकान झालं, एकावर एक फुकट देणारं. आमचं निम्मं गिऱ्हाईक तिकडं पळालं. तोवर गाव मलाही अप्पा म्हणायला लागलं होतं. मी कुजकटपणानं एकदा त्यांना विचारलं, "तुमी न्हाई गेलात तिकडं?"

"जाऊन बघून आले की," त्या म्हणाल्या. "एकाच्या पैशात दोन देतेत. म्हंजे इननाऱ्याला किती देत असतील, अप्पा? आमाला बी मालक म्हन्तो, भाव पडलाय, औंदा रोज कमी घ्या. भाव पडला म्हंजे कुनाच्या तरी पोटावर पडतो. मला एकच पायजे. ती नीट पैशे देऊन पायजे."

हे मी पुढे कितीतरी गिऱ्हाइकांना ऐकवलं, जणू माझंच आहे अशा थाटात.

नव्या साडीबद्दलचा त्यांचा हट्ट मला कळला तो माझ्याच एका आगाऊपणामुळे. सूर्यभान गेले त्या वर्षीची गोष्ट. मोंढ्यात पोत्याची थप्पी कोसळली आणि माणूस जागेवर गेला. लेक संघप्रिया नऊ वर्षांची. त्या एप्रिलला बाई आल्या त्या पोरीला फ्रॉक घ्यायला, स्वतःला साडी नको म्हणाल्या. मला वाईट वाटलं. माझ्या बायकोनं, त्रिवेणीनं, एकदाच नेसून ठेवून दिलेली एक पांढरी साडी घरात पडून होती. मी ती मागवली आणि म्हणालो, "ही घ्या बाई. एकदाच नेसलेली हाय. पैशाचं काय न्हाई."

बाईंनी साडीला हात लावला नाही. पाण्याचा पेला खाली ठेवला आणि अगदी शांतपणे बोलल्या.

"अप्पा, मी लहान होते तवा माझी माय गावातल्या एका मोठ्या घरचं अंगन झाडायची. त्या घरचं जुनेरं आमाला मिळायचं. असंच एक परकर-पोलकं मी घालून शाळंत गेले. त्या घरची पोर माझ्याच वर्गात. ती उठून गुर्जीला म्हनली, माझा परकर हिच्याजवळ हाय. सगळा वर्ग हासला. गुर्जी बी हासले. मी घरी येऊन सांगितलं. माझा बाप छप्पनला दीक्षा घेऊन आलेला मानूस. त्यानं परकर काढायला लावला, धुतला, घडी केली आन् त्यांच्या ओट्यावर नेऊन ठिवला. मला म्हनला, नागवी ऱ्हा, पर दुसऱ्याच्या अंगावरलं घालू नको. आठ दिस मी शाळंत गेले न्हाई, घालायला दुसरं नव्हतंच."

मी साडी उचलून मागे ठेवली.

"आन् माझं बी मी कुनाला देत न्हाई," त्या पुढे म्हणाल्या. "देनारा बी तसलाच. माझ्या अंगावरचं माझ्या घरात सरनार." दारात बोहारीण आली, जुन्या कपड्यांवर भांडी देते म्हणाली, तर त्या तिला पाणी पाजून परत पाठवायच्या. स्टीलचं एक पातेलं मिळालं असतं, पण ती साडी कुठल्या बाजारात कुणाच्या अंगावर गेली असती, हे त्यांना चालणारं नव्हतं.

त्या वर्षी, आणि पुढची दोन वर्षं, त्यांनी साडी घेतली नाही. तीन साड्यांवर, मग दोनांवर भागवलं. पण संघप्रियाला दर वर्षी नवा कपडा आमच्या दुकानातून गेला. शाळेचा गणवेशही शिवून नवा, वरच्या वर्गातल्या मुलीकडून घेतलेला नाही. पुस्तकं जुनी चालत, कपडे नाही. पोर हुशार निघाली. परभणीला कृषी विद्यापीठात शिकली, पुण्याला नोकरीला लागली. गावी आली की आईबरोबर दुकानात यायची. आई म्हणायची, "घे की एखादा ड्रेस." ती हसून म्हणायची, "आहेत गं आई भरपूर." आई मग माझ्याकडे बघायची, आणि त्या बघण्यात काय असायचं ते मी बेचाळीस वर्षांच्या धंद्यात दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही. माझी पोर नव्या कपड्यांना कंटाळली, बघा, असं काहीतरी.

गेल्या वर्षी एप्रिल आला आणि चांगुणाबाई आल्या नाहीत. निळ्या काठाच्या तीन साड्या मी बाजूला काढून ठेवल्या होत्या. पाच तारीख गेली, आठ गेली. मी मनातून चिडलो. माणूस म्हातारं झालं, लेकीनं मोबाइलवरून मागवून दिलं असेल, असं म्हणून मी दोनदा त्रिवेणीपुढे पुटपुटलो. गिऱ्हाईक तुटलं की दुकानदाराला आपला हक्क गेल्यासारखं वाटतं, हा आमच्या जातीचाच दोष. जात म्हणजे दुकानदारांची.

दहा तारखेला दुपारी त्या आल्या. बरोबर शेजारची सुमनबाई आणि गल्लीतल्या आणखी दोघी. सुमनबाई घरी साड्यांना फॉल-पिको करून देते. आमच्याही दुकानाचं काम तिच्याकडे जातं. चौघी गादीवर बसल्या. चांगुणाबाईंच्या मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"यंदा उशीर केलात," मी म्हणालो. आवाजात खार होता, तो मलाच ऐकू आला.

"औंदा नको, अप्पा. लेकीनं पुन्याहून पाठविली." त्यांनी कागद उलगडला. आत डाळिंबी रंगाची नारायणपेठी होती, रेशमी, जरीच्या काठाची. खरंच देखणी. असली साडी त्या माझ्या दुकानाच्या काचेपुढे कधीकाळी थांबून बघायच्या आणि पुढे जायच्या. लेकीच्या ते लक्षात राहिलं असणार.

"परवा विहारात कार्यक्रम झाला, तवा नेसले," त्या म्हणाल्या. "तवापस्नं ही सुमन म्हन्ती, साडी कुनीतरी वापरलेली हाय. गल्लीत सगळ्यास्नी सांगायलीय. म्हनून घिऊन आले. तुमी बघून सांगा. तुमी सांगाल ते खरं, असं आमचं ठरलंय."

सुमनबाई कसनुसं हसली. "मी काय वाईट वाटून सांगितलं न्हाई बाई. फॉल दोनदा लावल्यावानी वाटला मला."

बाईंनी साडी माझ्यापुढे धरली. घडी करूनच धरली होती, एक कोपरा त्यांच्या अंगठ्याखाली. मी साडी ओढून घेतली, तर तो कोपरा सुटेना. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची पकड, राहून गेली असेल. मी त्यांचा अंगठा माझ्या हातानं बाजूला केला.

आता जे मी केलं ते सांगतो. नुसतं "हो, वापरलेली आहे" एवढं म्हणालो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मला माझी कला दाखवायची होती. एक तर गिऱ्हाईक हातचं गेलेलं, त्यात माझ्या शब्दावर गल्लीचा निवाडा ठरलेला. मी चष्मा पुसला. साडी पसरली. फॉलच्या कडेला आधीच्या शिवणीची भोकं एक एक करून दाखवली. निऱ्यांच्या जागी रंग कसा फिका पडून रेघा उठल्यात ते उजेडाकडे धरून दाखवलं. आणि शेवटी तो कोपरा, जो अंगठ्याखाली होता. तिथं लॉन्ड्रीवाल्यानं काळ्या शाईनं घातलेला नंबर होता. बऱ्याच धुण्यांनी पुसट झालेला, पण वाचता येण्यासारखा. मी तो मोठ्यानं वाचूनही दाखवला.

"वापरलेली हाय," मी म्हणालो. "चांगली चार-पाच वर्षं."

"नीट बघा, अप्पा," चांगुणाबाई म्हणाल्या.

"नीटच बघितलं."

"आनिक एकदा बघा."

मी हसलो. हे आठवलं की मला माझ्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं. मी हसून म्हणालो, "बाई, आमी कापडाबद्दल खोटं बोलत न्हाई, हे तुमाला म्हाईत हाय ना?"

त्यांनी साडी गोळा केली, घडी नीट घातली, कागदात बांधली. बाकीच्या दोघी खाली बघत होत्या. सुमनबाई उगाच म्हणाली, "जाऊ द्या, आजकाल चालतंय." चौघी उठल्या. बाई पायरी उतरताना एकदा फोटोकडे बघून गेल्या, वडिलांच्या.

त्या गेल्यावर मी पाणी प्यायलो आणि तेव्हा कुठं माझं डोकं चालायला लागलं. ज्या बाईला बोटाला लागून कच्चं सूत कळतं, जिनं तीस वर्षं पांढऱ्या ढिगातून पिवळा कापूस निवडला, तिला पाच वर्षं वापरलेलं रेशीम कळलं नसेल? आणि अंगठा नेमका त्या नंबरावरच कसा होता?

दोन दिवस मी घरात धड जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी निळ्या काठाची साडी पिशवीत घालून भीमनगरात गेलो. चांगुणाबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या, आतून खुर्ची आणली. मी बसलो आणि विचारलं, "तुमाला आधीपासून म्हाईत होतं?"

"पुडकं उघडलं, हात लावला, तवाच कळलं."

"मग नेसलात कशाला?"

"लेकीनं दिली म्हनून." त्यांनी सूप झटकलं. "आदी मला वाटलं, पोरीला फसवलं कुनीतरी. नव्याचे पैशे घेऊन जुनी दिली. म्हनून फोनवर काय बोलले न्हाई. मग आठवलं, दिवाळीला आल्ती तवा तिच्या अंगावरले कपडे. त्याला बी हात लावला व्हता मी, वाळू घालताना. सगळे तसलेच, अप्पा. पोरीच्या अंगावर नवं एक न्हाई. मला वाटलं पगार कमी झाला का. पर न्हाई, पगार चांगला हाय. ती इचार करून घेती. मोबाइलमदी तिनं लिव्हलेलं वाचलं मी, शेजारच्या पोरीकडून वाचून घेतलं. नवं कापड घेऊ नये, पानी लय लागतंय, कापूस येचनाऱ्या बायांचे हाल होतेत. बायांचे हाल होतेत, म्हन्ती. मी कोन हाय मग?"

मी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"मी कमी नेसून तिला नवं घातलं," त्या म्हणाल्या, "आन् ती माझ्यासाठी जुनं घालती."

मग मी जे विचारायला आलो होतो ते विचारलं. "सगळं म्हाईत असून माझ्याकडं कशाला आलात बाई? मला एकटं येऊन सांगितलं असतं, तर मी..."

"तुमाला सांगून आले असते तर ते खोटं बोलून घेनं झालं असतं. तसलं मी कधी केलं न्हाई." त्यांनी सूप खाली ठेवलं. "मला वाटलं, हातात धरल्यावर कळंल तुमाला. बेचाळीस वर्षं बसते तुमच्या गादीवर. सगळ्या सेलूत एकच दुकान हाय जिथं खोटं बोलत न्हाईत. तुमी म्हनला असतात नवी हाय, तर गल्लीत परत कुनी तोंड उघडलं नसतं. दुसऱ्या दुकानात जाऊन काय उपेग? त्यांच्यावर कोन इश्वास ठिवतंय?"

मी पिशवी पुढे केली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही.

"फुकट कवा घेतलं का मी?"

"पैसे द्या. बिल करतो."

"आता कशाला?" त्या म्हणाल्या. "जयंतीला पोरी माझ्याकडं बघून हळूच हासनार. नवी नेसले तर म्हनतील, अप्पानं पकडलं म्हनून घेतली. जुनी नेसले तर जुनीच. घरात बसते औंदा."

उठताना त्यांनी मला एकच गोष्ट मागितली. "संघप्रियाला यातलं काय कळू द्यू नका. तिला वाटतंय, मायसाठी लय चांगलं केलं. शोधून शोधून घेतली असंल तिनं."

चौदा एप्रिलला मिरवणूक आमच्या दुकानावरून गेली. आम्ही दर वर्षी दुकानापुढे पाण्याचे जार ठेवतो. मी ग्लास भरत होतो आणि पांढऱ्या साड्यांच्या रांगा बघत होतो. पहिल्या रांगेत उजवीकडे चांगुणाबाई असायच्या, कोऱ्या साडीच्या घडीच्या रेघा तशाच अंगावर. पूर्ण मिरवणूक गेली तरी मी जार आत घेतले नाहीत.

मे महिन्यात सुमनबाईकडे साड्या टाकायला मी स्वतः गेलो, म्हणजे निमित्त करून गेलो. चांगुणाबाईंच्या ओट्यापुढे बोहारीण बसली होती. टोपलीत स्टीलची भांडी, शेजारी कपड्यांचं बोचकं. आणि ओट्यावर चार पांढऱ्या साड्या घडी करून ठेवलेल्या. वरची मागच्या वर्षी आमच्याकडून घेतलेली, तिला मी ओळखलं.

बाईंच्या अंगावर ती डाळिंबी नारायणपेठी होती. मेच्या उन्हात रेशीम, पदर कमरेला खोचलेला, काठाला भांड्यांची राख लागलेली. नंतर सुमनबाईनं सांगितलं की महिनाभर त्या तीच नेसतायत, घरात, दारात, नळावर. धुऊन रात्री वाळत घालतात आणि सकाळी परत तीच.

"पांढऱ्याच हायेत सगळ्या," बोहारीण कुरकुरत होती. "कोन घेनार? रंगवून इकाव्या लागतेत. ह्यावर हे एवढंच पातेलं येतं."

"दे," चांगुणाबाई म्हणाल्या.

मी पुढे झालो. "बाई, काय करायलात? ह्या कुनाच्या तरी अंगावर जातील."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"जाऊ द्या, अप्पा. लेकीनं परवा फोनवर सगळं सांगितलं. तिच्यानं दडवून ठिवनं व्हइना, तिनंच कबूल केलं, साडी जुनी हाय म्हनून. रडली पोरगी. मी म्हनले, मला म्हाईत हाय, त्यात काय लाज हाय? तर लय खुश झाली. म्हनली, आई, तू बी तुझ्या कपाटातलं दे, कुनाच्या तरी उपेगाला यील. शिकलेली हाय ती. तिला माझ्यापरीस जास्त कळतंय."

"आन् तुमाला? तुमाला पटलं?"

बोहारणीनं साड्या झटकून बोचक्यात कोंबल्या. बाईंनी पातेलं हातात घेऊन त्याच्या काठावरून अंगठा फिरवला, सवयीनं.

"बाप म्हनला व्हता, नागवी ऱ्हा," त्या म्हणाल्या. "तवा मी आठ वर्षांची व्हते, म्हनून राहिले. आता सत्तरीला आले. लेक सोडून कोन हाय मला?"

त्यानंतर त्या बाजारात क्वचितच दिसल्या. दुकानासमोरून गेल्या तरी आत बघत नाहीत. यंदाचा एप्रिलही तसाच गेला.

गेल्या महिन्यात संघप्रिया आली. एकटीच आली, दुकानात गर्दी नव्हती. पस्तिशीची मुलगी, अंगावर साधा सुती कुर्ता. मी नको म्हणून स्वतःला बजावलं तरी माझी नजर त्याच्या शिवणीवर गेलीच. चांगला सांभाळलेला होता. चहा मागवला.

"काका, माझ्यावर राग धरून नाही ना? मी तुमच्याकडून काही घेत नाही म्हणून," ती हसत म्हणाली. "सहा वर्षं झाली, मी नवा कपडाच घेतला नाही. कुणाकडूनच नाही."

मग ती भरभरून बोलत राहिली. एका साडीच्या कापसाला किती पाणी लागतं, वेचणीच्या बायांच्या हातात किती कमी पडतं, पुण्यात लोक चारदा घालून कपडे कसे फेकून देतात. एकही गोष्ट खोटी नव्हती. चांगुणाबाईच बोलतायत असं मला मधेमधे वाटत होतं, फक्त शिकलेल्या भाषेत. कमीत भागवायचं, कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही, धागासुद्धा वाया घालवायचा नाही. दोघींचं शंभरातलं नव्व्याण्णव एकच होतं. उरलेला एक परकर होता, आणि ती शाळा हिनं बघितलेली नव्हती. आईनं बघूच दिली नव्हती.

"खरं तर हे सगळं मी आईकडूनच शिकले," ती म्हणाली. "चार साड्यांत आयुष्य काढलं तिनं. फक्त दुसऱ्याचं घ्यायचं नाही, द्यायचं नाही, एवढी एक गाठ होती तिच्या मनात. ती कधी सुटेल असं मला वाटलं नव्हतं. आता स्वतःहून सगळ्या साड्या देऊन टाकल्या तिनं. मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, माझी आई सत्तराव्या वर्षी बदलली म्हणून."

मी कप बशीत ठेवला.

"पण काका," ती म्हणाली, "आई हल्ली बोलत नाही फार. जयंतीलाही गेली नाही, सुमनमावशी म्हणाल्या. त्या साडीवरून तिला कुणी काही बोललं का? तुम्ही खोटं सांगणार नाही, म्हणून तुम्हाला विचारते."

वडिलांचा फोटो माझ्या डोक्यावर होता. समोर निळ्या काठाच्या तीन साड्या अजून तशाच बाजूला ठेवलेल्या, वर्षभराची धूळ बसलेल्या. मी तिला सगळं सांगू शकत होतो. सांगितलं असतं तर बाईंनी मागितलेली शेवटची गोष्टही मी त्यांच्याकडून काढून घेतली असती.

"न्हाई गं," मी म्हणालो. "कोन बोलनार? इथं दुकानात घेऊन आल्या व्हत्या दाखवायला. मी म्हनलं, अगदी कोरी दिसती, नव्यावानी."

ती खुश झाली. चहा संपवून उठली, वाकून नमस्कार केला आणि पुण्याची गाडी पकडायला स्टेशनाकडे गेली. तिची आई तिच्या एक वर्ष आधी याच गादीवर बसून माझ्याकडे हेच एक वाक्य मागत होती, आणि तेव्हा मी चष्मा पुसत होतो.